तीन कोपरे बसतात, चौथा उघडतो

सागवानी फोटोफ्रेम, दोन इंची पट्टी, कापायचं मशीन बरोब्बर 45 डिग्रीवर लावलं, तीन कोपरे मस्त बसले आणि चौथ्याला फट, असं तुम्ही लिहिलंय. आधी फट नीट बघा. एका टोकाला बंद आणि दुसरीकडे पाचरीसारखी उघडी असेल तर अँगलची चूक. पण इकडून तिकडे सारखीच असेल तर अँगलला दोष देऊ नका, समोरासमोरच्या पट्ट्या लांबीला सारख्या नाहीयेत. एक पट्टी 1 मिमी जास्त झाली की पाऊण मिमीच्या जवळपास सरळ फट पडते, आणि लोक उगाच मशीन पिळत बसतात.

अँगलची चूक शेवटच्या कोपऱ्यात का निघते, तर चार कोपरे म्हणजे आठ काप, दर कापात अर्धाच डिग्री चुकली तरी सगळी मिळून 4 डिग्री तिथे साठते. तुमच्या पट्टीचा तिरका काप साधारण 70 मिमी, म्हणजे टोकाला 5 मिमी उघडं, भुसा-फेविकॉल भरून झाकायचं म्हटलं तरी झाकणार नाही.

मशीनच्या आकड्यावर जाऊ नका, गुण्या (काटकोन तपासायचं L आकाराचं हत्यार) लावून बघा, पण त्याआधी तो गुण्याच तपासा. माझा एकदा टेबलावरून फरशीवर पडला, दिसायला ठणठणीत, आणि मी कितीतरी दिवस करवतीला शिव्या घालत होतो. प्लायच्या सरळ कडेला गुण्या टेकवून बारीक रेघ मारा, मग तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी. दोन्ही रेघा एकच झाल्या तर गुण्या खरा, वर फाकल्या तर जेवढं अंतर दिसतं त्याच्या निम्मी चूक. आता एक रुंद, कडा समांतर असलेली फळी मशीनवर 45 ला कापा, एक तुकडा पालथा करून काप कापाला भिडवा, कोपऱ्यात हा तपासलेला गुण्या धरून उजेडाकडे बघा. इथेही चूक दुप्पट दिसते म्हणून लगेच पकडता येते.

खुणेला पेन्सिल नको, सुरी घ्या. पेन्सिलीची रेघ अर्धा मिमी जाड, मग कापायचं रेघेच्या अलीकडे की पलीकडे हा घोळ. हातकरवतीने कापत असाल तर तोंडावर 45 ची रेघ आणि दोन्ही कडांवरून काटकोनात खाली उतरवलेल्या रेघा, असं सगळं मारा, नाहीतर वरून सुंदर आणि मागून पोट सुटलेलं. लांबी मात्र टेपने चारदा मोजू नका हो! एक ठोकळा क्लॅम्पने पक्का बसवा आणि जोडीच्या दोन्ही पट्ट्या त्याला टेकवूनच कापा.

फेविकॉलच्या आधी फ्रेम कोरडी जोडून दोन्ही कर्ण सारखे आहेत का मोजा. आणि लाकूड ओलसर असेल तर थांबा, कारण वाळताना पट्टी रुंदीला आकसते, लांबीला जवळजवळ नाहीच, मग आज घट्ट बसलेला कोपरा उन्हाळ्यात आतल्या बाजूने उघडतो आणि ते तुमच्या कापण्यामुळे नसतं.