अळशीचं तेल घराच्या लाकडी दाराला लावलं तर चालेल का? अळशीचे आणखी काय उपयोग आहेत?

लावा, बिनधास्त लावा. पण तेलाचं फडकं कुठे टाकणार ते आधी सांगा.

१९९८ चा मे. देवगडकडचं आमचं घर, आठ दिवसांवर बहिणीचं लग्न. काकांनी फणसाचं पुढचं दार आणि पडवीतला झोपाळा घासायला काढला. मी एकोणीस वर्षांचा, म्हणजे फुकटचा गडी. हार्डवेअरवाल्याकडून बेल तेल आणलं (अळशीचंच, उकळलेलं), टर्पेंटाइन घातलं आणि जुन्या धोतराच्या फडक्याने दोन हात मारले. पिवळं लाकूड मधासारखं दिसायला लागलं. फडकं चुरगळून मांगरात (घराबाहेरच्या कोठारात) सोडणांच्या, म्हणजे नारळाच्या सालींच्या, ढिगावर भिरकावलं.

रात्री जेवून अंगणात बसलो होतो, तर कुत्रं मांगराकडे तोंड करून भुंकायला लागलं. बघतो तर धूर! विहिरीवरून कळशा येईपर्यंत सोडणं, शेणी, पेंढा सगळं गेलं. पाहुण्यांदेखत काका म्हणाले, "विडी ओढलंस आणि थंयच टाकलंस मां?" तेव्हापासून घरात काहीही करपलं की नजरा माझ्याकडे वळतात.

विडी नव्हती हो, फडकं होतं. हे तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि तापतं. दारावर पातळ थर असतो, ऊब निघून जाते. चुरगळलेल्या फडक्यात ती कोंडते आणि काडी न लावता पेट घेते. पंचवीस वर्षं सांगतोय.

बाकीचे उपयोग? खडूच्या पावडरीत हेच तेल मळलं की खिडकीच्या काचा बसवायची लांबी (पुट्टी) होते. क्रिकेटच्या बॅटला अळशीचंच, पण न उकळलेलं, चित्रकारांच्या तैलरंगातही अळशीचंच. खोडाच्या धाग्याचं लिनन, त्यात इजिप्तवाले ममी गुंडाळायचे. आपल्याकडचं क्षौम वस्त्रही त्याचंच. विष्णूला 'अतसीपुष्पसंकाश' म्हणतात ते याच निळ्या फुलावरून, पण आमच्या गावात ते फूल कोणी पाहिलेलं नाही. अळशी विदर्भातल्या काळ्या जमिनीतलं रब्बीचं पीक. आमच्या जांभ्यावर भातानंतर कुळीथ आणि वाल. बायको यवतमाळची, ती 'जवस' म्हणते आणि भाजून चटणी कुटते. अख्खे दाणे गिळू नका, जसेच्या तसे बाहेर पडतात.

हो, हार्डवेअरचं तेल खायचं नाही, त्यात सुकवायची रसायनं असतात. पावसाळ्यातही लावू नका, महिनाभर दार चिकट राहील. फडकं पाण्यात बुडवा, नाहीतर उघड्यावर एकेरी पसरून वाळवा.

काका हे वाचणार नाहीत. त्यांचा नातू वाचेल, त्याने मोठ्याने वाचून दाखवावं.

आणि त्या संध्याकाळी मी विडी ओढली होती, ते खरं आहे. पण विहिरीपाशी. थोटूक दगडावर चिरडलेलंसुद्धा आठवतंय.