४०० युरोंत कोण कोण बसतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीत नोकरी मिळाली आहे, पगार वर्षाला ८२,००० युरो. सोबत पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. पत्नी सुरुवातीला नोकरी करणार नाही, तिला थायरॉईडची गोळी चालू आहे. एजंट म्हणतोय, आरोग्य विमा पब्लिकमध्ये (सार्वजनिक व्यवस्थेत) घेतलात तर महिन्याला उगाच ६०० कापले जातील, प्रायव्हेट (खाजगी कंपनीचा) ४०० मध्ये करून देतो. घ्यावं का?

नका घेऊ. मी घेतलं होतं, म्हणून सांगते.

पगार एका मर्यादेच्या आत असेल तर नोकरदाराला पब्लिकमध्येच राहावं लागतं. ही मर्यादा २०२५ मध्ये ७३,८०० युरो होती, २०२६ साठी ७७,४०० आहे. तुम्ही तिच्या वर आहात, म्हणून तर एजंटाला तुमचा एवढा पुळका. पब्लिकचा हप्ता पगारावर ठरतो: मूळ १४.६ टक्के, वर प्रत्येक कासेचा (कासे म्हणजे पब्लिक विमा चालवणारी संस्था) थोडा अधिभार, आणि यातलं निम्मं कंपनी भरते. ठरावीक पगाराच्या पुढे हप्ता वाढत नाही. त्यामुळे शुश्रूषा विमा (आजारपणात किंवा म्हातारपणी लागणाऱ्या देखभालीचा) धरून तुमचे साधारण ६०० जातील, इथपर्यंत एजंट खरं बोलला. पण त्या ६०० मध्ये पत्नी आणि मुलगी फुकट येतात, हे त्याने गिळलं. त्याचे ४०० एकट्या तुमचे. प्रायव्हेटमध्ये माणशी वेगळा हप्ता, तोही वय आणि तब्येत बघून. कंपनी वाटा उचलते, पण एका कमाल रकमेपर्यंतच.

मी २०१४ मध्ये श्टुटगार्टला आले तेव्हा एकटी होते, ठणठणीत होते. प्रायव्हेट घेतलं, आणि खोटं कशाला बोलू, चैन होती. त्वचेच्या डॉक्टरची वेळ त्याच आठवड्यात मिळाली. पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत दोन पानी बिल, प्रत्येक ओळीला एक आकडा आणि शेजारी '२,३'. मला वाटलं तारीख असेल. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने सांगितलं, डॉक्टरांच्या सरकारी दरपत्रकातला दर गुणिले २.३. पैसे आधी आपण भरायचे, बिल विमा कंपनीला पाठवायचं, मग परतावा. एकटीला हे जमून गेलं.

पुढे नवरा आला. त्याला रक्तदाबाची गोळी, म्हणून त्याचा हप्ता चढवून लावला. मग मुलगा झाला, तिसरा हप्ता. पब्लिकमध्ये परत जायचं ठरवलं तर कळलं की नुसत्या इच्छेने जाता येत नाही, पगार त्या मर्यादेखाली यावा लागतो. शेवटी मी कामाचे तास ८० टक्क्यांवर आणले, तेव्हा सुटले. विमा बदलण्यासाठी पगार कापून घेणारी बाई म्हणून ऑफिसात अजून माझी थट्टा होते. पंचावन्न ओलांडल्यावर हीही वाट जवळजवळ बंद होते.

उलट, तुमची ही जर्मनीतली पहिलीच नोकरी असेल तर मर्यादेच्या वर पगार असूनही तुम्हाला पब्लिकमध्ये जाता येतं. मात्र कामावर रुजू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कासेला तसं कळवावं लागतं. घर शोधणं, नाव नोंदणी, मुलीचं बालवाडीचं चक्र, यात तीन महिने कसे जातात कळतही नाही.

पत्नीच्या थायरॉईडबद्दल: प्रायव्हेटच्या अर्जात तब्येतीचे प्रश्न असतात. 'एवढीशी गोळी, कशाला लिहिता' असं कोणी म्हणालं तर तिथेच उठा. लपवलेलं नंतर उघड झालं तर कंपनी करारातून अंग काढून घेऊ शकते, आणि ते कळतं नेमकं मोठं बिल आल्यावर. पब्लिकमध्ये हा प्रश्नच येत नाही.

पब्लिकमध्ये सगळं गोड आहे असं नाही. स्पेशालिस्टची वेळ मिळायला आठवडे, कधी महिने जातात. तेव्हा ११६११७ वर फोन करायचा, ते वेळ मिळवून देतात. औषधाला साधारण ५ ते १० युरो आणि इस्पितळात दिवसाला १० युरो आपले, तेही वर्षातून जास्तीत जास्त २८ दिवस. दातांचं मात्र दुखणं आहे. दात बसवायचा तर साध्या उपचाराच्या खर्चाचे ६० टक्के मिळतात. दरवर्षी तपासणी करून बोनस पुस्तिकेत नोंद घेतली की पाच वर्षांनी ७०, दहा वर्षांनी ७५. मी पहिली काही वर्षं ते केलंच नाही. तुम्ही पहिल्याच वर्षी दंतवैद्याकडे पुस्तिका मागा. हवा तर दातांपुरता वेगळा पूरक विमा नंतर घेता येतो.

पब्लिकचं संरक्षण नोकरीच्या तारखेपासून सुरू होतं. विमान त्याआधी उतरणार असेल तर मधल्या दिवसांसाठी प्रवास विमा घ्या, तिघांचाही. बाहेरून येणाऱ्यांसाठीची स्वस्त 'इनकमिंग' पॉलिसी मात्र त्या मधल्या दिवसांपुरतीच ठेवा, जुनी दुखणी त्यात सहसा धरत नाहीत. आई-वडिलांना कासेच्या कौटुंबिक विम्यात घालता येत नाही. ते भेटीला येतील तेव्हा किमान ३०,००० युरोंचं संरक्षण असलेला शेंगेन प्रवास विमा काढा.

एजंटाचा पुन्हा फोन आला तर त्याला तिघांचा मिळून हप्ता लेखी मागा, थायरॉईड धरून. माझ्या एजंटाने तो मेल कधी पाठवलाच नाही.