खिडकीला स्टॉपर लावला, तरी धास्ती का जात नाही?

उंच इमारतीत राहायला गेलेल्या तरुण आईबापांकडून एक धास्ती समुपदेशनाच्या कामात मी पुन्हा पुन्हा ऐकते: मूल खिडकीतून पडेल. कुठे तशी बातमी आली की पुढच्या आठवड्यात हमखास फोन येतात. बोलणाऱ्या बहुतेक आयाच असतात, आणि जवळपास प्रत्येकीला घरातल्या कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं, ‘तू फार विचार करतेस.’

मृणालचंच बघा (नाव आणि तपशील बदलले आहेत). ठाण्यात चौदाव्या मजल्यावर घर, बँकेत नोकरी, मुलगा अडीच वर्षांचा. दिवसभर तो आजीजवळ. मृणाल ऑफिसातून सारखी सासूबाईंना फोन करायची, ‘आई, हॉलची खिडकी लावलीय ना?’ रात्री उठून कड्या बघायची, आडवी व्हायची, पुन्हा उठायची. सासूबाई वैतागल्या होत्या. शेवटी नवराच तिला घेऊन आला. मी तिला ‘काही होत नाही गं’ म्हणावं, अशी त्याची अपेक्षा असावी.

मी खिडकीबद्दल विचारलं.

“हॉलची खिडकी किती उघडते?”

तिने दोन्ही हात पसरून दाखवले.

“खाली काय आहे?”

“सोफा.”

“ग्रिल?”

“सोसायटी बाहेरून लावू देत नाही. एलिव्हेशन बिघडतं म्हणतात.”

“जाळी आहे की!” नवरा मधेच म्हणाला.

जाळी डासांची होती. असल्या जाळीवर मूल भार टाकून रेललं तर ती चौकटीतून निसटून बाहेर जाते. घरोघरी ‘जाळी आहे’ या दोन शब्दांवर लोक निर्धास्त असतात, म्हणून हे आवर्जून लिहिते आहे.

माझी बैठक विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. मनात आलेला विचार वास्तवाला धरून आहे का, हेही तिच्यात तपासतात. मृणालचा विचार तपासला तर निम्मा अगदी खरा निघाला. चौदावा मजला, सताड उघडणारी खिडकी, तिला टेकलेला सोफा आणि चढाचढीच्या वयातलं पोर. अशा घरातल्या आईला दीर्घ श्वास घ्यायला शिकवून परत पाठवणं मला कधीच पटलेलं नाही. नवऱ्याला मी सांगितलं, न्यूयॉर्क शहराने १९७६ मध्ये याचा कायदाच केला. दहा वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल, तर तिथल्या तीन किंवा जास्त घरांच्या इमारतींत घरमालकाला खिडक्यांना गार्ड बसवून द्यावे लागतात. एवढं शहर काही कुणाच्या डोक्यात काहीतरी भरलं म्हणून कायदा करत नाही. तो गप्प झाला. बरं झालं.

पण विचाराचा उरलेला निम्मा भाग पुढच्या भेटीत हाती लागला.

“खिडकी चार बोटांपेक्षा जास्त उघडू नये म्हणून स्टॉपर मिळतात, हे माहीत होतं तुम्हाला?”

“हो. कधीचे ऑनलाइन कार्टमध्ये पडून आहेत.”

“मग मागवले का नाहीत?”

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “लावले आणि तरी काही झालं तर? मग माझ्या हातात काहीच उरणार नाही, मॅडम.”

एवढी धास्तावलेली बाई काही शे रुपयांची वस्तू महिनोन्‌महिने मागवत नाही, याचं कारण या एका वाक्यात होतं. तिला हवी होती हमी. ती कुठल्याच दुकानात मिळत नाही. ती मिळत नाही तोवर तिने राखण चालू ठेवली होती: फोन, कड्या, जागरण. दिवसभर मुलापासून लांब राहण्याची भरपाईही त्या राखणीतून होत होती. स्टॉपर लागला असता तर राखणीचं काम सुटलं असतं आणि भीती मात्र मोकळ्या हातांनी सोसावी लागली असती. ‘वेडी काळजी’ म्हणून चिडवल्या जाणाऱ्या कितीतरी आयांमध्ये हाच गुंता मला दिसतो, आणि तो सुटायला लागला की बाई डोळ्यांदेखत हलकी होते.

मी विचारलं, “रात्री उठून कडी बघता, त्याने खिडकी किती सेंटीमीटर कमी उघडते?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हसलीच. “शून्य.”

“आणि स्टॉपरने?”

त्या हसण्यानंतर आम्ही कामाची वाटणी केली. जे स्क्रू-ड्रायव्हरने सुटतं ते स्क्रू-ड्रायव्हरने सोडवायचं, आणि त्यानंतर उरेल तेवढंच माझ्याकडे आणायचं.

स्क्रू-ड्रायव्हरच्या वाटणीतलं आधी सांगते. खिडकी दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त उघडता कामा नये, म्हणजे लहान मुलाचं डोकं बाहेर जात नाही. स्लायडिंगच्या दोन्ही काचा सरकतात. लोक एकीलाच स्टॉपर लावतात आणि पोर दुसरी सरकवतं. काच उचलून ट्रॅकमधून निघत नाही ना, तेही पाहा. चिकटवायच्या पट्ट्यांवर विसंबू नका, ज्याने खिडकी बसवली त्या ॲल्युमिनियमवाल्याकडूनच स्क्रूने बसवून घ्या आणि तो जायच्या आधी स्वतः जोर लावून ओढून बघा. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत स्क्रू स्टेनलेस स्टीलचे हवेत. स्टॉपर आतून लागतो, बाहेरचं रूप बदलत नाही, त्यामुळे सोसायटीला सहसा त्रास नसतो. किल्लीने उघडणारा घेतलात तर किल्ली मुलाच्या हाती लागणार नाही, पण आग लागली तर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला अंधारातही सापडेल अशी ठेवा. मृणालकडे ती देवघराच्या वरच्या फळीवर असते.

खिडकीखालचा सोफा, दिवाण, बूट ठेवायचं कपाट हलवा. ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीन हे तर कठड्यावर चढायची आयती पायरी असते, तो दरवाजा वरच्या कडीने बंद हवा. ग्रिल असलं तरी आडव्या पट्ट्यांचं असेल तर मूल त्यावर चढतं, हे लक्षात ठेवा.

आणि आजी. सासूबाईंना एकदा बोलावलं, तेव्हा कळलं की त्या नातवाला खिडकीच्या कट्ट्यावर बसवून, कावळे दाखवत वरणभात भरवायच्या. एक हात त्याच्या पाठीशी, दुसरा ताटात. “मी धरलेलं असतं की!” त्या दुखावून म्हणाल्या. सून इतके दिवस आडून आडून बोलत होती आणि त्यांना तो आपल्यावरचा अविश्वास वाटत होता. मी एवढंच म्हटलं, “काकू, तुम्ही असताना त्याला कट्ट्यावर बसायची सवय लागते. तुम्ही आत कुकर बंद करायला गेलात, की तो तिथेच चढणार.” हे त्यांना लगेच पटलं. आता भरवणं दिवाणावर होतं, कावळे काचेतून दिसतात. सासूसुनेचे वाद मिटवायला सायास लागतात म्हणतात; इथे नेमकं कारण सांगितलं, एवढंच.

माझ्या वाटणीला राहिली रात्र. ठरलं असं, की झोपताना एकदाच फेरी मारायची, स्टॉपरला हात लावून बघायचा आणि खोलीत यायचं. नंतर उठावंसं वाटलं तर वाटू द्यायचं, उठायचं नाही. पहिल्या काही रात्री तिने छताकडे बघत काढल्या. मी तिला सांगितलं होतं, ही चुळबूळ आधी वाढेल आणि मग आपोआप ओसरेल. तशीच ती ओसरली. ऑफिसातून फोन आता जेवणाच्या सुट्टीत होतो, बहुतेक वेळा खिडकीचा विषयही निघत नाही.

व्यवस्था पक्की करूनही तपासणं थांबत नसेल, त्यात रोज तास-तास जात असेल, किंवा स्वतःच मुलाला इजा करू असे नकोसे विचार येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. बाळंतपणानंतर असे विचार बऱ्याच जणींना येतात, त्यावर उपचार आहेत, आणि ते बोलून दाखवल्याने कुणी वाईट आई ठरत नाही. भेटीची वेळ घ्याल त्याच दिवशी ॲल्युमिनियमवाल्यालाही फोन करा.