वाचकांचे प्रश्न : क्लास न लावता इलेक्ट्रिक गिटार

इलेक्ट्रिक गिटार घेतली आहे, रीतसर क्लास लावलेला नाही, पण वाजवणारं कुणीतरी ओळखीचं आहे, अशा वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : माझा मावसभाऊ चांगली गिटार वाजवतो. क्लासला जाणं जमत नाही, पण तो पंधरा दिवसांतून एकदा तासभर वेळ देतो. एवढ्यावर शिकता येईल का? त्या तासात त्याच्याकडून काय शिकून घेऊ?

येईल, मात्र तो तास गाणी उतरवून घेण्यात घालवू नका. कुठली तार कुठल्या फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या, म्हणजे नेकवरच्या, आडव्या पट्टीपाशी) दाबायची ते टॅबमध्ये, म्हणजे तारांच्या रेघांवर आकडे मांडलेल्या लिपीत, लिहिलेलं असतं. (टॅबमधली सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात बारीक तार. गिटार मांडीवर घेतली की ती तार खाली येते, त्यामुळे सुरुवातीला हमखास उलटं वाचलं जातं.) टॅबमध्ये जे नसतं आणि आपलं आपल्याला दिसत नाही, ते भावाला बघू द्या: उजव्या मनगटाची हालचाल, डाव्या अंगठ्याची जागा आणि लय कुठे पळते ते.

त्यासाठी मधल्या दिवसांत मोबाइलवर एकेक मिनिटाचे दोन व्हिडिओ काढून ठेवा. एकात उजवा हात जवळून दिसू द्या, दुसऱ्यात डावा. मेट्रोनोमची (ठरलेल्या वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राची) टिकटिक रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलीच पाहिजे, नाहीतर लय सुटली की नाही ते नंतर कळत नाही. बहुतेकांचं एकच घडतं. सोप्या जागी हात पुढे पळतो आणि अवघड जागी मागे राहतो. वाजवताना दोन्ही जाणवत नाही, ऐकताना लगेच कळतं.

प्रश्नही नेमका विचारा. ‘माझं वाजवणं कसं वाटतंय?’ याला ‘छान, सराव कर’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी ‘चौथ्या तारेवरून तिसरीवर येताना पिक अडकतो, बघ ना’ असं म्हणा. मग तो तुमची पकड बघेल, आणि बहुधा पिकचं (तार छेडायच्या चपट्या तुकड्याचं) टोक गरजेपेक्षा जास्त बाहेर आलेलं निघेल. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून ३-४ मिलिमीटर टोक बाहेर असलं की पुरे. पिकची जाडी ०.७ ते १ मिलिमीटर ठेवा. त्याहून पातळ पिक आधी वाकतो आणि मग तार सोडतो, म्हणून सूर ठोक्यावर पडत नाही.

रोज पंचवीस मिनिटं खरी बसलात तरी चालेल. पहिली पाच मिनिटं पाचव्या ते आठव्या फ्रेटवर एका फ्रेटला एक बोट, पिक एकदा खाली एकदा वर, मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर आणि एका ठोक्यात दोन सूर. सुरुवात पहिल्या फ्रेटपासून करू नका. तिथे फ्रेटमधलं अंतर जास्त असल्यामुळे करंगळी ताणली जाते आणि मनगट वाकडं व्हायची सवय लागते. पुढची दहा मिनिटं दोनच कॉर्डमधली अदलाबदल, उदाहरणार्थ ई मायनर आणि जी. उरलेल्या वेळात गाण्याचे फक्त दोन बार (ठोक्यांचे ठरावीक गट). ओळीने तीन वेळा स्वच्छ वाजल्याशिवाय वेग वाढवायचा नाही, आणि वाढवायचा तो ४ ठोक्यांनी. एखाद्या वेगाला अडलात तर संपूर्ण तुकडा पुन्हापुन्हा घासू नका. अडतं ते दोन सुरांच्या मधे. तेवढेच दोन सूर बाजूला काढून घ्या.

प्रश्न : आधी अकूस्टिक शिकून मग इलेक्ट्रिककडे वळावं असं सगळे सांगतात. खरं आहे का?

नाही. ज्या आवाजासाठी मन ओढ घेतं त्याच वाद्यावर हात बसवा. इलेक्ट्रिकच्या तारा पातळ असतात आणि नेकच्या जवळ असतात, त्यामुळे बोटांना ती सोपीच जाते. अवघड असतं ते नको असलेल्या तारा गप्प ठेवणं, आणि ते अकूस्टिकवर फारसं शिकायला मिळत नाही.

प्रश्न : ट्यूनर लावून सहाही तारा बरोबर जुळवते, तरी कॉर्ड वाजवली की बेसूर लागते. दहा मिनिटांत ट्यूनिंगही उतरतं. गिटार खराब आहे का?

बहुधा नाही. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

आधी ट्यूनिंग उतरण्याचं बघू. नवी तार ताणली जात राहते. ती चढवल्यावर बाराव्या फ्रेटपाशी बोटाने हलकेच वर ओढा, पुन्हा जुळवा, आणि ओढूनही सूर हलेनासा होईपर्यंत हेच करा. खुंटीवर तारेचे दोन-तीन वेढे, एकाखाली एक, एकमेकांवर न चढता बसायला हवेत. सूर नेहमी खालून वर आणा. वर गेला तर तार सुराच्या खाली उतरवा आणि पुन्हा वर या, कारण खुंटीच्या दात्यांमध्ये थोडी ढिलाई असते आणि वरून खाली आणलेली तार नंतर त्या ढिलाईत सरकते. खुंटी फिरवताना ‘टिक्’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार नटच्या (नेकच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत अडकते आहे. तार बाजूला करून खाचेत मऊ शिसपेन्सिल घासा. शिशातलं ग्राफाइट वंगणाचं काम करतं. गिटारला स्प्रिंगवर तरंगणारा ब्रिज (तारांचं खालचं टोक धरणारा भाग) असेल तर एक तार चढवली की बाकीच्या उतरणारच. तिथे सहाही तारांची दोन-तीन आवर्तनं करावी लागतात, आणि तारा बदलताना एकेक करून बदलायच्या.

आता जुळवूनही बेसूर लागण्याचं. नवशिक्याच्या हातात पहिलं कारण असतं बोटाचा दाब. ९ ते ४२ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) पातळ तारा जोरात दाबल्या की सूर वर चढतो. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून मागे ठेवा आणि दाब कमी करत जा. तार खरखरायला लागली की किंचित वाढवा. तेवढाच दाब पुरतो आणि बोटंही कमी दुखतात.

दुसरं कारण इंटोनेशन, म्हणजे तार वरच्या फ्रेटवरही सुरात राहते की नाही ते. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, मग तीच तार तिथे दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सारखे दिसले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचं त्या तारेचं सॅडल (तार टेकते तो सरकणारा तुकडा) नेकपासून लांब न्या, उतरा असेल तर नेककडे आणा. दर वेळी तार पुन्हा जुळवूनच तपासा. हे काम नव्या तारांवरच करा, गंजलेल्या तारा कधीच नीट जुळत नाहीत.

एवढं करूनही गाणं शिकलेल्या कानाला ई मेजर कॉर्ड किंचित टोचते, आणि कानाचं चुकत नाही. गिटारच्या फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेल्या असतात. त्यामुळे मेजर कॉर्डमधला गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो (एका अर्ध्या सुराचे १०० सेंट). तो गोड व्हावा म्हणून तिसरी तार उतरवायचा मोह होतो. तसं केलंत तर ई मेजर सुधारते, पण सी आणि जी कॉर्डमध्ये तीच तार खुली वाजते आणि उतरी लागते. ट्यूनरवर विश्वास ठेवा.

प्रश्न : अँपवर गेन वाढवला की पॉवर कॉर्ड दमदार वाजते, पण साधी मेजर कॉर्ड वाजवली की नुसता गोंगाट. शिवाय हात उचलला की तारा घोंगावतात. सेटिंग काय ठेवू?

सेटिंगपेक्षा यात हातांचा भाग मोठा आहे. गोंगाटाचं कारण समजून घ्या. डिस्टॉर्शनमध्ये (गेन वाढवल्यावर येणाऱ्या खरखरीत आवाजात) दोन सूर एकत्र शिरले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि फरकाचे नवे सूर तयार होतात. सहाव्या तारेचा ई सुमारे ८२.४ हर्ट्झ आणि त्याचा पंचम बी सुमारे १२३.५. फरक ४१, म्हणजे खालच्या सप्तकातला ई. म्हणून दोन सुरांची पॉवर कॉर्ड भरीव वाटते. पंचमाऐवजी गंधार म्हणजे जी शार्प घेतला, १०३.८ हर्ट्झचा, तर फरक २१ च्या आसपास येतो. तो ई च्या कुठल्याच सप्तकात नीट बसत नाही, नुसता गुरगुरतो. तेव्हा पूर्ण कॉर्ड वाजवायची असेल तर गेन कमी करा किंवा गिटारवरचा व्हॉल्यूम १० वरून ५-६ वर आणा. गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की डिस्टॉर्शनही निवळतं. अनेक नवशिके तो नॉब कधी हलवतच नाहीत, याचं वाईट वाटतं.

घोंगावणाऱ्या तारांसाठी उजव्या तळव्याची करंगळीकडची कड ब्रिजला लागून जाड्या तारांवर टेकवा. कड नेककडे सरकली तर सूर मरतो. तरंगत्या ब्रिजवर भार टाकला तर सूर बदलतो. डाव्या तर्जनीचं टोक शेजारच्या जाड तारेला किंचित लागू द्या आणि तिचं पोट खालच्या बारीक तारांवर आडवं टेकू द्या. मग गेन चढवा आणि काहीही न छेडता दोन्ही हात तसेच ठेवा. शांतता हवी. आता एकच हात उचला. जी तार बोलेल, ती गप्प ठेवायची जबाबदारी त्या हाताची.

सतत येणारी गुणगुण वेगळी. सिंगल-कॉइल पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा, एकाच कॉइलचा भाग) घरातल्या विजेची गुणगुण पकडतोच. दोन उलट्या कॉइलचा हंबकर ती बरीचशी रद्द करतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं नेहमीचं आहे, पण तारांना हात लावताच झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा, अँपचा प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय पुन्हा लावू नका.

प्रश्न : अँप नाही. कन्व्हर्टर लावून गिटार थेट कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात जोडली, तर आवाज मिणमिणा येतो. ब्लूटूथ हेडफोनवर तर ठोका चुकतोच.

गिटारच्या पिकअपला पुढे सुमारे १ मेगाओहमचा इनपुट लागतो. माइकचा इनपुट त्यामानाने फारच कमी रोधाचा असतो, म्हणून वरचे स्वर गिळले जातात. ‘हाय-झी’ किंवा ‘इन्स्ट्रुमेंट’ लिहिलेला इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये बफर, म्हणजे एका वेळी साठवायचे आवाजाचे नमुने (सॅम्पल), १२८ ठेवा. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या सॅम्पल रेटला तो एका दिशेला सुमारे २.७ मिलिसेकंद होतो. १०२४ ठेवलात तर २१ च्या वर जातो आणि हाताला जाणवतो. हेडफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथचा उशीर सहज १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो. १२० च्या लयीत एका ठोक्याचा चौथा हिस्सा १२५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे तुमचं लयीत पडलेलं बोटही तुम्हाला चुकलेलं ऐकू येणार.

प्रश्न : एफची बार कॉर्ड काही केल्या वाजत नाही.

आधी बाराव्या फ्रेटवर तारांची उंची मोजा. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या बुडापर्यंत दीड ते दोन मिलिमीटर हवी. जास्त असेल तर दोष बोटाचा नाही. मग तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकून त्याच आकाराची कॉर्ड पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे तार मऊ लागते. तर्जनी सपाट न टेकवता अंगठ्याच्या बाजूला किंचित कलती करा, म्हणजे पेरांच्या खळग्यात तार अडकत नाही. तिथे स्वच्छ वाजली की एकेक फ्रेट खाली या. तोपर्यंत गाण्यात चारच तारांची एफ चालवा: चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्यावर, दुसरी आणि पहिली पहिल्यावर.

प्रश्न : मी गाणं शिकले आहे. बेंड म्हणजे मींडच ना? पण माझा बेंड नेहमी कमी पडतो.

कान तयार आहे, हे मोठं भांडवल. मात्र बेंडमध्ये दाबलेली तार आडवी ओढायची असते, त्यामुळे सूर फक्त वर जाऊ शकतो. खाली यायचं तर आधी चढवून मग सोडावी लागते. कमी पडतो तो बोटाच्या जोरावर ओढल्यामुळे. तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर अनामिका ठेवा, मागे मध्यमा आणि तर्जनी त्याच तारेवर, अंगठा नेकच्या वर अडकवा आणि किल्ली फिरवल्यासारखं मनगट वळवा. पोहोचायचं आहे डी वरून ई वर. तोच ई दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर आहे. आधी तो वाजवून कानात धरा, मग तार चढवा, वर पोहोचल्यावर दोन ठोके थांबा आणि पुन्हा तोच ई वाजवून पडताळा.