वाचकांचे प्रश्न: विमानात बॅकअपला परवडणारा जीपीएस टॅब्लेट कोणता घ्यावा?

प्रश्न: नमस्कार सर. पोरगा बिरसीच्या विमानतळावर पायलटचं ट्रेनिंग करून राहिला. आम्ही धानवाले शेतकरी, फीचं कर्ज आधीच डोक्यावर आहे. आता तो म्हणते बॅकअपले जीपीएसवाला आयपॅड पाह्यजे. तिरोड्याचा दुकानदार म्हणते कोणताही टॅब्लेट घ्या, सगळ्यात जीपीएस असतेच. कोणाचं ऐकू? बजेट वीसेक हजार आहे. (एक वाचक, जि. गोंदिया)

उत्तर: भाऊ, दुकानदाराचं ऐकू नका, सगळ्यात जीपीएस नसतं. आणि नेमकं आयपॅडमध्येच लोक जास्त फसतात, कारण फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिपच नसते, सिमवाल्या म्हणजे सेल्युलर मॉडेलमध्येच असते. वायफायवाला गावात नकाशावर बरोबर जागा दाखवतो, कारण तो आजूबाजूच्या वायफायवरून अंदाज लावतो, पण वर गेलं की वायफाय नाही आणि मग निळा ठिपका आहे तिथेच थांबतो. सेल्युलर घेतला तर त्यात सिम टाकायची, रिचार्ज मारायची गरज नाही, चिप तशीही चालते. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, काही वायफायवाल्यांत जीपीएस असतं, काही स्वस्तांत नसतं. म्हणून दुकानातच तपासा: वायफाय बंद करा, जीपीएसचे सॅटेलाइट दाखवणारं फुकट ॲप टाका, टॅब्लेट घेऊन बाहेर उघड्यावर या, सॅटेलाइट दिसले तरच पैसे द्या. जुना आयपॅड घेत असाल तर सेटिंगमध्ये अबाउटवर जा, तिथे आयएमईआय नंबर दिसला म्हणजे सेल्युलर.

आता बजेटचं. नवा सेल्युलर आयपॅड वीस हजारात येत नाही, त्यामुळे एकतर सॅमसंगच्या टॅब ए सिरीजमधला आठ-नऊ इंची एलटीईवाला (सिमवाला) घ्या नाहीतर वापरलेला सेल्युलर आयपॅड मिनी. माझा कल आठ इंचाकडेच आहे. सेस्ना या ट्रेनिंगच्या छोट्या विमानाच्या कॉकपिटात जागा कमी, मांडीवर मोठा टॅब्लेट बांधला की योक (विमानाचं स्टिअरिंग) पूर्ण मागे ओढताना अडकतो आणि लँडिंगच्या वेळी हे अजिबात चालणार नाही. जमिनीवर विमान उभं असताना पोराला सीटवर बसवून, टॅब्लेट मांडीवर बांधून योक सगळीकडे पूर्ण फिरवून पाहायला सांगा.

पण उडताना नकाशा पाहायला ॲप कोणतं वापरणार हे टॅब्लेट घ्यायच्या आधी ठरवा, कारण फोरफ्लाइट फक्त ॲपलवर चालतं, गार्मिन पायलट दोन्हीवर चालतं, आणि ॲव्हेअर नावाचं फुकट अँड्रॉइड ॲप लोक सुचवतात पण त्यातले नकाशे अमेरिकेचे आहेत, इथे त्याचा उपयोग नाही. कोणत्याही ॲपचे पैसे भरायच्या आधी भारताचा नकाशा आणि विमानतळांचा डेटा त्यात मिळतो का हे लेखी विचारून घ्या. एक्ससीसोअर हे ग्लायडरवाल्यांचं ॲप फुकट आहे, त्यात कुठल्याही भागाचा नकाशा टाकता येतो. खरं सांगायचं तर एक महिना पोराच्या आत्ताच्या फोनवरच हे टाकून पाहा, फोनमध्ये जीपीएस असतंच. तेवढ्यात त्याचं भागलं तर वीस हजार वाचले.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याकडचं ऊन. ॲपल स्वतः सांगतं की आयपॅड ० ते ३५ अंशात वापरा. मे महिन्यात ब्रह्मपुरी, चंद्रपूर, नागपूरला पारा ४५ च्या वर जातो आणि ॲप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) उभ्या विमानाच्या आत तर त्याहूनही जास्त, त्यात काचेतून येणारं ऊन थेट स्क्रीनवर, मग टॅब्लेट तापून स्वतःच बंद पडतो आणि थंड होईपर्यंत चालू होत नाही. अँड्रॉइडही तापतो, तिथेही सुटका नाही. त्यामुळे पुढच्या काचेवर सक्शन कपने लावू नका, मांडीवर सावलीत ठेवा, जाड कव्हर काढा, हवेचा झोत त्याच्याकडे वळवा, गरज नसताना उडताना चार्ज करू नका कारण चार्जिंगनेही तापतो. पार्क केलेल्या विमानात तर एक मिनिटही ठेवू नका. उन्हात स्क्रीन दिसायलाही पाहिजे, ते दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, भर दुपारी बाहेर नेऊनच पाहा. पोरगा पोलराइज्ड गॉगल लावत असेल तर तोही लावून पाहा, काही कोनात स्क्रीन पार काळी दिसते.

घेण्याआधी त्याच्या इन्स्ट्रक्टरला नक्की विचारा, कारण त्यांच्या संमतीशिवाय टॅब्लेट कॉकपिटात नेता येणार नाही.

प्रश्न: सर, मी सीपीएलची (कमर्शियल पायलट लायसन्सची) स्टुडंट आहे, ३०० नॉटिकल मैलांची सोलो क्रॉस कंट्री, म्हणजे एकटीने करायची लांबची फ्लाइट, जवळ आली आहे. वर नेट गेलं तर जीपीएस चालेल का? आणि विमानातलं जीपीएस गेलं तर टॅब्लेटवर कितपत भरवसा ठेवायचा? (प्रशिक्षणार्थी, अमरावती जिल्हा)

उत्तर: ताई, जीपीएसला नेट लागत नाही, तो फक्त सॅटेलाइटचा सिग्नल ऐकतो. नेट लागतं ते नकाशे उतरवायला, म्हणून आदल्या रात्री सगळा रूट आणि दोन्ही बाजूचा भाग ऑफलाइन उतरवून ठेव, मग फोन-टॅब्लेट फ्लाइट मोडवर टाकून घरीच तपास की नकाशा दिसतो का. नेट असलं की सॅटेलाइट पटकन सापडतात, नेट नसलं तर प्रत्येक सॅटेलाइटची कक्षेची माहिती उतरायलाच साधारण ३० सेकंद लागतात आणि टॅब्लेट बरेच दिवस बंद असेल तर कित्येक मिनिटं जातात. त्यामुळे इंजिन सुरू करण्याआधीच तो चालू करून ठिपका स्थिर होऊ दे. विमानतळांची आणि एअरस्पेसची माहिती २८ दिवसांच्या चक्राने बदलते, जुना डेटा घेऊन निघू नकोस, आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) वेगळे वाच, ते ॲपमध्ये आपोआप येतीलच असं नाही.

भरवशाचं म्हणशील तर एक गोष्ट नीट समजून घे. विमानातलं जीपीएस वीज गेल्यामुळे किंवा बिघाडामुळे बंद पडलं तर टॅब्लेट कामाला येतो, त्यासाठीच तो आहे. पण सिग्नलमध्येच गडबड झाली, कुणी जॅम केला किंवा खोटा सिग्नल सोडला, तर दोघेही तेच सॅटेलाइट ऐकतात, दोघेही चुकतील, आणि टॅब्लेट चुकीची जागाही अगदी ठामपणे दाखवेल. म्हणून कागदी नकाशा, कंपास आणि घड्याळ सोडू नकोस. दर काही मिनिटांनी खाली पाहून ठिपका ताड. आपल्या भागात खुणा चांगल्या आहेत: वर्धा नदी, वैनगंगा, गोसीखुर्दचं पाणी, समृद्धी महामार्ग, रेल्वेचे रूळ, कोराडी आणि चंद्रपूरच्या वीज केंद्रांच्या चिमण्या. ठिपका नदीच्या अल्याड आणि तू पल्याड असलीस तर नदीवर विश्वास ठेव. उंची मात्र कायम अल्टिमीटरवरचीच धर, क्यूएनएच (त्या वेळचा हवेच्या दाबाचा आकडा) लावून, कारण टॅब्लेटची जीपीएस उंची वेगळ्या पद्धतीने निघते आणि एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) व बाकीची विमानं बॅरोमीटरच्या उंचीवर चालतात.

प्रश्न: गाडीचा चार्जर आणि मॅग्नेटवालं होल्डर विमानात चालेल का?

उत्तर: चार्जर बघून. सेस्ना १५२ ची वीज २८ व्होल्टची असते, जुन्या १७२ मध्ये १४ व्होल्टची, आणि फक्त १२ व्होल्टसाठी बनवलेला स्वस्त चार्जर २८ वर जळू शकतो. त्यावर १२ ते २४ लिहिलंय म्हणजे २८ झेपेलच असं नाही, ३० व्होल्टपर्यंत चालतो असं लिहिलेलाच घ्या. नाहीतर एक चांगली पॉवरबँक पुरेल, तीही उन्हात ठेवू नका. मॅग्नेटवालं होल्डर मात्र नकोच, त्याने कंपास फिरतो आणि चुकीची दिशा दाखवतो. काही टॅब्लेटच्या कव्हरमध्येही मॅग्नेट असतात. कंपासजवळ नेऊन पाहा, सुई हलली तर ते कव्हर घरीच राहू द्या.

प्रश्न: चुलतभाऊ अमेरिकेत असतो, तो येताना एडीएस-बी रिसीव्हर (आजूबाजूची विमानं टॅब्लेटवर दाखवणारं यंत्र) आणि गार्मिनचं इनरीच (सॅटेलाइट मेसेंजर) आणतो म्हणतो. आणू देऊ का? (एक वाचक, यवतमाळ)

उत्तर: रिसीव्हर आणला तर अपेक्षा कमी ठेवा. अमेरिकेत त्यावर जे फुकट हवामान दिसतं ते तिथल्या जमिनीवरच्या टॉवरवरून ९७८ मेगाहर्ट्झवर येतं, तशी व्यवस्था आपल्याकडे नाही. आजूबाजूची विमानंही जी स्वतः एडीएस-बी सिग्नल पाठवतात तेवढीच दिसतील, बाकीची नाही, म्हणून बाहेर पाहणं थांबवायचं नाही. तेवढ्यासाठी एवढा खर्च मला पटत नाही. टॅब्लेटमध्ये जीपीएस नसेल तर गार्मिन ग्लो २ सारखा ब्लूटूथ जीपीएस मागवा, तो खरंच कामाचा आहे.

इनरीचला मात्र आजच फोन करून नाही म्हणा. ते इरिडियम सॅटेलाइटवरून मेसेज पाठवतं आणि दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं उपकरण भारतात जवळ ठेवणं बेकायदा आहे, विमानतळावर यावरून परदेशी प्रवाशांना ताब्यात घेतलं गेलंय. भावाने ते बॅगेत टाकायच्या आधीच सांगा, तो उतरल्यावर सांगून उपयोग नाही.