निवाडा रद्दबातल ठरेल, पण धुराडं अजून लटकलेलंच आहे

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांनी १८९० च्या सुमाराचं लाल विटांचं टेरेस घर गेल्या वर्षी घेतलं. स्वयंपाकघर मोठं करताना तळमजल्यावरचं चिमनी ब्रेस्ट, म्हणजे भिंतीतून पुढे आलेलं धुराड्याचं बांधकाम, तोडून टाकलं. वरच्या मजल्यावरचं धुराडं आणि छपरावरची चिमनी तशीच ठेवली. खाली आधाराला बिल्डरने भिंतीत दोन लोखंडी कंस, म्हणजे ब्रॅकेट, ठोकले. ‘घर तुमचं, परवानगी कसली?’ असं तो म्हणाला. दीड महिन्याने शेजारच्या आजींच्या बेडरूमच्या भिंतीला तडा गेला. आता दोन सर्व्हेअरांच्या, म्हणजे सामाईक भिंतीचे वाद सोडवणाऱ्या बांधकाम तज्ज्ञांच्या, सह्यांचा ‘अवॉर्ड’, म्हणजे निवाडा, आला आहे. साडेतीन हजार पौंड भरपाई आणि जवळपास तेवढीच सर्व्हेअरांची फी द्या, असं त्यात म्हटलं आहे. “आमच्या वतीने कुणी सर्व्हेअर नेमला हेच आम्हाला माहीत नाही. पैसे भरायचे का? आणि समोरच्या लाकडी खिडक्या काढून प्लॅस्टिकच्या बसवायचं काम ठरलंय, ते करू का?”

पैसे आत्ता भरू नका. पण निवाडा पोकळ आहे म्हणून निश्चिंतही होऊ नका. मुळात चूक तुमचीच आहे आणि कायद्याने दिलेली ढाल तुम्ही आपल्या हाताने फेकून दिली आहे.

टेरेस घर म्हणजे गच्चीवालं घर नव्हे, हे तुम्हाला आता कळलंच असेल. चाळीतल्या खोल्यांसारखी ही घरं एकमेकांना चिकटून उभी असतात. मधली भिंत सामाईक असते आणि अनेकदा तिच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून धुराडी असतात. अशा भिंतीचं धुराडं कापायचं तर इंग्लंड-वेल्समध्ये लागू असलेल्या पार्टी वॉल, म्हणजे सामाईक भिंतींच्या, कायद्याच्या (१९९६) दुसऱ्या कलमाखाली ते येतं. काम सुरू करण्याआधी दोन महिने शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. शेजाऱ्याने चौदा दिवसांत लेखी संमती दिली नाही तर वाद आहे असं धरलं जातं आणि सर्व्हेअर नेमले जातात. नोटीस देण्याची जबाबदारी घरमालकाची असते. बिल्डर काय म्हणाला याने ती टळत नाही.

आता तुमच्या हातातला कागद. तुम्ही नोटीस दिली नाहीत म्हणून आजींनी स्वतःचा सर्व्हेअर नेमला आणि त्याने परस्पर तुमच्या नावाने दुसरा उभा केला, असं दिसतं. जवळपास अशीच हकिकत, तीही नोटीस न देता धुराडं काढल्याचीच, २०२३ मध्ये कोर्ट ऑफ अपीलपुढे आली होती. काम करणाऱ्याने नोटीसच दिलेली नसेल तर या कायद्याची वाद सोडवण्याची यंत्रणा सुरूच होत नाही, म्हणून सर्व्हेअरांना निवाडा देण्याचा अधिकार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. तरीही निवाडा मिळाल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. त्याविरुद्ध काउंटी कोर्टात जायची मुदत चौदा दिवसांची आहे. ‘रद्दबातलच आहे, बघू नंतर’ म्हणून ती घालवू नका. त्याआधी एखाद्या स्थानिक सॉलिसिटरकडून दोन्ही सर्व्हेअरांना हरकतीचं पत्र जाऊ द्या.

दुसरी बाजूही ऐका. त्या निकालाने आजींचा हक्क बुडालेला नाही, फक्त वाट बदलली आहे. त्या थेट दाव्यात उतरू शकतात: उपद्रव, निष्काळजीपणा, शिवाय मनाई हुकूम. तिथे तुमचं पारडं हलकं आहे. सव्वाशेहून जास्त वर्षांच्या घराला तडे नवे नसतात. चुन्यात बांधलेल्या विटा आणि खालची हलणारी माती यांनी ते कधीही जातात. नोटीस दिली असती तर काम सुरू होण्याआधी सर्व्हेअरने आजींच्या भिंतींचे फोटो काढून नोंद केली असती आणि तडा जुना की नवा हे पाच मिनिटांत कळलं असतं. ती नोंद तुमच्यामुळे झाली नाही. अशा वेळी पुराव्यातल्या त्रुटीचा फायदा नोटीस न देणाऱ्याला मिळू नये, असा न्यायालयाचा कल २००३ च्या एका अपिलातून स्पष्ट दिसतो. घर घेताना तुम्ही स्वतः करून घेतलेला सर्व्हे रिपोर्ट मात्र काढून बघा. चिमनी किंवा सामाईक भिंतीच्या जुन्या तड्यांचा त्यात एक शब्द जरी असला तरी तो कामाचा आहे.

मला पैशांपेक्षा जास्त काळजी त्या दोन कंसांची वाटते. ते कशात ठोकले आहेत? सामाईक भिंतीत. म्हणजे तुमच्या वरच्या मजल्यावरच्या धुराड्याचं आणि छपरावरच्या चिमनीचं ओझं आजींच्या भिंतीला टांगलेलं आहे. अनेक कौन्सिलं हे कंस आता मान्य करत नाहीत, पोलादी तुळई मागतात. या आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. आजींकडे गॅसची शेगडी त्याच चिमनीला जोडलेली असेल तर त्यांच्या धुराचा मार्ग मोकळा आहे का, हेही तपासायला सांगा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हे काम बिल्डिंग रेग्युलेशन्सखाली, म्हणजे बांधकामाच्या सुरक्षिततेच्या नियमांखाली, येतं आणि तीही मंजुरी तुम्ही घेतलेली नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून कौन्सिल काम संपल्यावर दहा वर्षांपर्यंत ते दुरुस्त करायला किंवा काढायला लावू शकते. आधी ही मुदत एक वर्षाची होती. म्हणून कौन्सिलकडे रेग्युलरायझेशनचा, म्हणजे झालेल्या कामाला मागाहून मंजुरी मागण्याचा, अर्ज करा. प्लॅस्टर फोडून दाखवावं लागेल, त्याला इलाज नाही. कुणीतरी सांगेल, ‘इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे मंजुरी नसल्याने होणाऱ्या नुकसानीचा विमा, घ्या, स्वस्तात सुटाल.’ कौन्सिलशी संपर्क साधलेला नसावा अशी अट त्या पॉलिसीत सहसा असते, म्हणून लोक गप्प बसतात. पण पॉलिसी विटा धरून ठेवत नाही. शिवाय घर विकताना प्रश्नावलीत या कामाबद्दल खरं सांगावंच लागेल.

बिल्डरला सोडू नका. ग्राहक हक्क कायदा, २०१५ नुसार काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. व्हॉट्सअॅपवरचं त्याचं ‘परवानगी कसली’ जपून ठेवा. घराच्या विमा कंपनीलाही आजच कळवा आणि पैशांचा कुठलाही आकडा तिच्याशी बोलल्याशिवाय आजींपुढे ठेवू नका.

माफी मात्र मागा. नुसती दिलगिरी म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे, असं २००६ चा कॉम्पेन्सेशन अॅक्ट स्पष्ट सांगतो. सर्व्हेअरची पत्रं सुरू होण्याआधी तुमच्यापैकी कुणी एकदाही त्यांच्या दारात जाऊन तडा बघितला नाही, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. निम्मा खटला तिथेच उभा राहिला.

खिडक्यांचं थोडक्यात. आधी हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत, म्हणजे नॅशनल हेरिटेज लिस्टमध्ये, आपला पत्ता शोधा. ती ऑनलाइन फुकट बघता येते. व्हिक्टोरियन टेरेसांपैकी बहुतेक तिच्यात नसतात. पण तुमचं निघालं तर विनापरवाना धुराडं तोडणं हाच गुन्हा ठरतो, त्याला मुदतीचं बंधन नाही, आणि मग वरचं सगळं बाजूला ठेवून आधी फौजदारी वकील गाठा. यादीत नसलं तर घर कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे जपणुकीसाठी ठरवलेल्या परिसरात, आहे का आणि तिथे ‘आर्टिकल फोर’ आदेश, म्हणजे एरवी परवानगीशिवाय चालणाऱ्या बदलांनाही परवानगी लागू करणारा आदेश, आहे का, हे कौन्सिलकडे विचारा. त्या आदेशात खिडक्या असतील तर समोरच्या लाकडी खिडक्या बदलायला नियोजन परवानगी लागेल. तोपर्यंत खिडकीवाल्याला फोन करून काम पुढे ढकला. आगाऊ रक्कम दिली असेल तर पावती शोधून ठेवा.