सीनियरचा रिझ्युमे समोर ठेवून

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी नोकरी लागलेल्या सीनियर दादाने त्याची वर्ड फाइल दिली. फॉरमॅट तोच ठेवून माझी माहिती भरली, तर ती चोरी ठरेल का? (सांगली)

उत्तर : नाही. वर नाव, मग शिक्षण, प्रोजेक्ट, कौशल्यं ही मांडणी कुणा एकाच्या मालकीची नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा खटला नाटकावरून सिनेमा केल्याच्या वादाचा होता. त्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सांगितलं, की कॉपीराइट कल्पनेवर नसतो, ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो. रिझ्युमेलाही मी हेच तत्त्व लावते. शिवाय दादाने फाइल स्वतःहून दिली आहे. निर्धास्त राहा.

फक्त त्याच फाइलवर टाइप करू नका, कोरी फाइल उघडा. माझ्यासमोर एकदा एका हुशार मुलाचा रिझ्युमे आला. लिंक्डइनचा पत्ता दिसायला त्याचा होता, पण क्लिक केल्यावर भलत्याच मुलाचं प्रोफाइल उघडलं. अक्षरं बदलली होती, आतली लिंक जुनीच राहिली होती. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑथर म्हणूनही त्या दुसऱ्याचंच नाव होतं. मुलाखतीची सुरुवातीची मिनिटं खुलासे देण्यात गेली आणि नंतर त्याचा आवाज काही सावरला नाही. मला फार वाईट वाटलं.

प्रश्न : कांद्याची प्रतवारी करणारं यंत्र आम्ही चौघांनी मिळून बनवलं. एकाने इंग्रजीत छान चार ओळी लिहिल्या, त्याच आम्ही सगळ्यांनी रिझ्युमेत टाकल्या. प्रोजेक्ट एकच आहे, मग बिघडलं कुठे? (नाशिक)

उत्तर : इथे मी ठामपणे नको म्हणेन. कॅम्पसला तुमचे चारही रिझ्युमे एकाच दिवशी, एकाच टेबलावर येतात. ‘डिझाइन केलं, फॅब्रिकेशन केलं’ असं चौघांच्याही कागदावर दिसलं, की समोरचा विचारतो, वेल्डिंगला कोण उभं होतं? प्रोजेक्ट एक असला तरी काम वाटलेलं असतं. एकाने कॅड ड्रॉइंग काढलं असेल, एकाने बेअरिंगसाठी दुकानं पालथी घातली असतील. ट्रायलला शाफ्ट वाकला म्हणून कुणी पुन्हा हिशेब करून व्यास २० मिलिमीटरवरून २५ केला असेल, तर त्याने नेमकं तेवढंच लिहावं. मोडक्या इंग्रजीत असलं तरी ते वाक्य त्याचंच असेल आणि त्यावरचा कुठलाही प्रश्न त्याला अडवणार नाही. चौघांनी एक संध्याकाळ बसून कुणी काय केलं ते कागदावर मांडा.

प्रश्न : नेटवरचा दोन रकान्यांचा रंगीत टेम्प्लेट वापरला आहे. कुणी हक्क सांगेल का? (पुणे)

उत्तर : वर्डमधले किंवा कॅन्व्हावरचे टेम्प्लेट वापरण्यासाठीच दिलेले असतात. एखाद्या डिझायनरने विकायला ठेवलेला मात्र पैसे देऊनच घ्या, त्याचं पोट त्यावर आहे. मला काळजी वेगळीच वाटते. मोठ्या कंपन्यांत रिझ्युमे आधी एटीएस, म्हणजे आलेल्या अर्जांची छाननी करणारं सॉफ्टवेअर वाचतं, आणि दोन रकाने असले की काही वेळा डावी-उजवी ओळ एकमेकांत मिसळते. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. पदवीच्या मधेच छंद घुसले असतील, तर साधा एका रकान्याचा फॉरमॅट घ्या.

प्रश्न : अकाउंट्समध्ये १४ वर्षं झाली. मुलाच्या रिझ्युमेचा फॉरमॅट घेऊ का? (कोल्हापूर)

उत्तर : घेऊ नका. फ्रेशरच्या फॉरमॅटमध्ये शिक्षण वर असतं, कारण त्याच्याकडे तेच असतं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा तुम्ही नोकरीतच होतात. त्या वेळी हिशेबाची घडी बसवली असेल, तर ते पहिल्या पानावर, नावाच्या लगेच खाली हवं. बी. कॉम.चं वर्ष शेवटी आलं तरी चालेल.

प्रश्न : ऑफिसातल्या मैत्रिणीने न विचारता माझा रिझ्युमे उचलला. राग येतोय, पण बोलू का? (ठाणे)

उत्तर : मांडणीच घेतली असेल तर सोडून द्या. तुमच्या कामाची वाक्यं स्वतःच्या नावावर घातली असतील, तर जरूर बोला. दोघी एकाच जागेसाठी अर्ज करत असाल, तर तिने अर्ज धाडण्याआधी, आजच बोला.